फ्रॅपे फ्रेमवर्क : वेब सर्व्हर रचना

फ्रॅपे फ्रेमवर्क : व्यवसायोपयोगी वेब प्रणाली उभारण्याची मुक्तस्रोत चौकट. सर्व्हरवर पायथन, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. डेटाबेस मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस. विकास मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजकडून (स्थापना २००८, संस्थापक रुषभ मेहता). परवाना एमआयटी. हिशेब, साठा व उत्पादन सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली याच चौकटीवर उभी आहे. तिचा परवाना जीपीएल ३.

सर्व्हर : प्रत्यक्ष वापरात फ्रॅपेचा पायथन कोड चालवण्याचे काम गनिकॉर्न हा मुक्तस्रोत पायथन सर्व्हर करतो. त्याची पद्धत रुबीतील युनिकॉर्नवरून घेतलेली आहे. मुख्य प्रक्रिया आधीच ठरावीक वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या उपप्रक्रिया) तयार ठेवते आणि एखादा कोसळला, की त्याच्या जागी नवा उभा करते. वर्करांची संख्या प्रोसेसरच्या कोअरच्या दुप्पट अधिक एक ठेवावी, असा संकेत आहे. चार कोअर असल्यास ९. वर्करांत थ्रेड वापरावेत का, याबाबत मतांतरे आहेत.

विनंतीचा प्रवास : तळोज्यातील एखाद्या कारखान्यात कारकुनाने बीजक जतन केले, की विनंती प्रथम एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडे येते. चित्रे व शैलीपत्रके तो परस्पर पुरवतो; बीजकाची विनंती मात्र ८००० क्रमांकाच्या पोर्टवर गनिकॉर्नला देतो. तेथून ती डब्ल्यूएसजीआय या संकेतानुसार (पीईपी ३३३, २००३, सुधारित ३३३३, २०१०) फ्रॅपेच्या पायथन कोडपर्यंत पोहोचते आणि नोंद ‘टॅबसेल्स इनव्हॉइस’ या तक्त्यात जाते. ईमेल पाठवणे, मोठी यादी आयात करणे अशी वेळखाऊ कामे रेडिसच्या रांगेत टाकली जातात व वेगळे वर्कर ती उरकतात. त्यामुळे पडद्यासमोरच्या माणसाचा खोळंबा होत नाही. तत्काळ सूचनांसाठी नोडवर चालणारा सॉकेटआयओ सर्व्हर असतो. या साऱ्या प्रक्रिया चालू ठेवण्याचे काम सुपरवायझर या प्रोग्रामचे.

बेंच : मांडणी, अद्ययावतीकरण व बॅकअप यांसाठीचे आज्ञावली-साधन. एका बेंचवर अनेक संकेतस्थळे चालतात. कोड सामायिक, डेटाबेस प्रत्येकाचा स्वतंत्र.



महत्त्व : ही संपूर्ण साखळी साध्या लिनक्स यंत्रावर बसते, मग ते यंत्र पनवेलच्या योट्टा एनएम१ सारख्या डेटा सेंटरमध्ये असो वा कारखान्याच्या कचेरीत. कोड वाचता येतो, बदलता येतो आणि हिशेबाचा डेटाबेस मालकाच्याच ताब्यात राहतो. लहान उद्योगांच्या दृष्टीने या रचनेचे सर्वांत मोठे मोल हेच आहे.