दानापासून सहभागापर्यंत : कोकणच्या नागरी जीवनाचा मागोवा

एका बाजूला सह्याद्रीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला अथांग सागर, अशा चिंचोळ्या पट्टीत कोकणभूमी वसली आहे. घाटवाटांनी देशावरचा माल खाली उतरला, गलबतांनी परदेशीचा माल किनाऱ्यास लागला, आणि या दोहोंच्या संगमावर दाभोळ, जयगड, रत्नागिरी, राजापूर, खारेपाटण अशी गावे नावारूपास आली. मालाबरोबर माणसेही आली. कुणबी, मराठा, भंडारी, खारवी, गाबित, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, जैन, लिंगायत वाणी आणि पुढील काळात गुजराती, कच्छी व मारवाडी व्यापारी अशा नाना समाजांनी येथील वस्ती बनली. या सर्वांनी एकमेकांशी व्यापार केला, शेजारधर्मही पाळला. परंतु गावाच्या सामाईक कारभारात कोणाला किती स्थान होते, या प्रश्नाचे उत्तर काळाच्या प्रत्येक टप्प्यावर निराळे मिळाले आहे. समाजाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या इतिहासाकडे दृष्टिक्षेप टाकणे उचित ठरेल.

प्राचीन बंदरांतील पौरजन

उत्तर कोकणातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट या दृष्टीने मोलाचा आहे. त्या काळी कोकणावर राष्ट्रकूटांचे अधिराज्य होते. संजाण मंडलाचा कारभार ज्याच्या हाती होता त्याचे नाव ताम्रपटात 'मधुमती सुगतिप' असे येते. हा ताजिक, म्हणजे अरब वंशातील अधिकारी होय आणि 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने त्याची नेमणूक केली होती. या अधिकाऱ्याने प्रवाशांसाठी नदीवर विनामूल्य तरीची सोय केली आणि अन्नछत्र घातले. एका ब्राह्मणाने उभारलेल्या मठिकेस जमीन देण्याचा व्यवहारही त्याच्याच कारकिर्दीत झाला. परक्या धर्माचा मनुष्य, स्थानिक देवस्थान आणि सर्वांसाठी तर, हे तिन्ही एकाच ताम्रपटात एकत्र यावे, ही कोकणच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे.

त्यानंतरच्या शिलाहार राजांच्या लेखांत राजा आपली आज्ञा ज्यांना उद्देशून सांगतो, त्यांत नगरातील पौरांबरोबर 'हंजमान' असाही शब्द येतो. फारसीतील 'अंजुमन', म्हणजे सभा, या शब्दाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. पश्चिमेकडून येऊन स्थायिक झालेल्या व्यापारी समाजाची ही सभा असावी, असे मानले जाते. खारेपाटण येथे मिळालेल्या शके १०१६ च्या ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेव याने दोन श्रेष्ठी बंधूंच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल आदी बंदरांत जकातमाफी दिल्याची नोंद आहे. खारेपाटण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होते.

या लेखांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. व्यापारी समाजांना येथे मान होता, त्यांच्या सभेला राजदरबारी ओळख होती. मात्र हा मान राजाच्या कृपेने मिळे आणि कृपेनेच टिके. सवलत मागता येत होती, हक्क सांगता येत नव्हता.

नगरपालिकेचा उदय

हा भेद मिटविण्याची पहिली संधी एकोणिसाव्या शतकात आली. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय स्थापन झाले. आजचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच. १८७६ मध्ये रत्नागिरी नगरपालिका अस्तित्वात आली. रस्ते, दिवाबत्ती, पाणी, साफसफाई या गोष्टी गावातील लोकांनी मिळून पाहावयाच्या, ही कल्पना तेव्हा नवी होती. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसृत केला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांना अधिक वाव मिळाला.

तथापि मताचा अधिकार कर आणि मालमत्ता यांच्या पात्रतेवर अवलंबून होता. घरपट्टी भरणारा नागरिक ठरला. त्याच्या वाड्यात राबणारा, त्याच्यासाठी पाणी भरणारा आणि गल्ली झाडणारा नागरिक ठरला नाही. पुढे १९०९ च्या सुधारणांनी विधिमंडळासाठी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्यामुळे प्रतिनिधित्व मिळाले हे खरे, परंतु एका समाजाच्या उमेदवारास दुसऱ्या समाजाच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही.

महाडच्या तळ्याचा धडा

सामाईक जीवनातील सहभाग म्हणजे काय, याची कठोर परीक्षा कोकणातच झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली अथवा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी त्यास अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे उदारमतवादी पुढारी होते. परंतु ठराव कागदावर राहिला. तळ्याकाठी पाऊल ठेवण्याचे धाडस कोणास झाले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या बाबासाहेबांनी हा लढा कोकणच्याच मातीत उभारावा, यास विशेष अर्थ आहे. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि काहींनी मुसलमान कुटुंबांच्या घरी आसरा घेतला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात परिषदेसाठी मंडपास जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी ती दिली. अखेरीस १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या वापराविषयीचा निर्णय अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गाच्या बाजूने दिला.

या तेरा-चौदा वर्षांच्या प्रवासात तीन गोष्टी दिसतात. ठराव करणारी संस्था हवी, तो अमलात आणण्याचे धैर्य असलेली माणसे हवीत, आणि संकटकाळी दार उघडणारा शेजारी हवा. यांपैकी एकही उणा पडला, तर लेखी हक्क निष्फळ होतो.

रत्नागिरीचे पतितपावन मंदिर

त्याच काळात रत्नागिरी नगरातही मंथन चालू होते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत येथे स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्यास बंदी असल्याने त्यांनी जातिभेदनिर्मूलनाचे कार्य हाती घेतले. शाळांतून सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसविणे आणि सहभोजने यांनी गावात खळबळ उडाली. १९३१ साली सर्व हिंदूंस मुक्त प्रवेश असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. त्यासाठी धन पुरविले ते रत्नागिरीतील भंडारी समाजात जन्मलेल्या आणि मुंबईत कंत्राटदार म्हणून नाव कमावलेल्या भागोजीशेठ कीर यांनी.

भागोजीशेठांचे औदार्य येथे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. दान देऊन नाव कोरणारे पुष्कळ असतात. त्यांच्या दानाने मात्र ज्यांना गाभाऱ्याच्या पायरीपाशीही थांबविले जाई त्यांच्यासाठी दार उघडले. हे कार्य हिंदू समाजाच्या मर्यादेत होते, सर्वधर्मीय नागरिकत्वाचे नव्हते, हेही इतिहास म्हणून नमूद केले पाहिजे.

कर्मवीरांचा मार्ग

जैन समाजालाही याच काळात हा प्रश्न आपल्या घरात सोडवावा लागला. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या समाजाने त्यांना आश्रय दिला होता त्याच्याच रूढीशी त्यांचा खटका उडाला, परंतु त्यांनी समाज सोडला नाही आणि निश्चयही सोडला नाही. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले.

अहिंसा आणि अनेकांतवाद ही जैन विचारांची बैठक आहे. दुसऱ्याच्या दृष्टीतही सत्याचा अंश असतो, हे अनेकांताचे सार भाऊरावांनी पंगतीत आणि वसतिगृहाच्या खोल्यांत उतरविले. कर्मवीर या पदवीने महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ते एका समाजाचे दाते म्हणून नव्हे, तर रयतेचे सेवक म्हणून.

संविधानाची चौकट

१९५० मध्ये संविधान अमलात आले आणि जुना भेद कायद्याने संपला. अनुच्छेद ३२५ अन्वये प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असते. धर्म, वंश, जात वा लिंग या कारणाने कोणालाही तिच्यातून वगळता येत नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना घटनात्मक दर्जा मिळाला. अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांच्यासाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला.

२०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. या दर्जाने शिक्षणसंस्था आणि शिष्यवृत्ती यांविषयी काही लाभ मिळतात. परंतु त्यामुळे स्वतंत्र मतपेटी मिळत नाही, आणि ती मिळू नये असाच आपल्या संविधानाचा आशय आहे. अल्पसंख्य समाजाचा प्रतिनिधी निवडून यायचा तर त्याला सर्वांची मते हवीत, आणि सर्वांची मते हवीत तर सर्वांची कामे करावी लागतात.

निवडून आलेले प्रतिनिधी असणे हीच मुळात गृहीत धरण्याजोगी बाब नाही, याचाही अनुभव अलीकडे आला. २०२२ च्या सुमारास मुदती संपल्यावर राज्यातील बहुतांश नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत तो तसाच राहिला. दिवे लागत होते, पाणी येत होते, परंतु आपल्या प्रभागाचा प्रश्न सभागृहात मांडणारा आपला माणूस नव्हता.

विश्वस्त आणि नागरिक

पन्नास वर्षे टिकलेला सार्वजनिक न्यास ही स्वतःच नागरी जीवनाची एक शाळा असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये न्यासाची नोंदणी होते, हिशेबांची तपासणी होते, विश्वस्तांतील बदल धर्मादाय कार्यालयास कळवावे लागतात. इतिवृत्त लिहिणे, मतभेद मतदानाने मिटविणे, दुसऱ्याच्या पैशाचा पैन्‌पै हिशेब देणे हे संस्कार अशा बैठकांत होतात. तेच संस्कार नगरपरिषदेच्या सभागृहात, वाचनालयाच्या कार्यकारिणीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत आणि रुग्णालयाच्या सल्लागार मंडळात उपयोगी पडतात.

जैन समाजाने दानाची परंपरा निष्ठेने जपली आहे. पाणपोई, धर्मशाळा, औषधोपचार, पांजरपोळ यांसाठी त्याचा हात कधी आखडला नाही. परंतु दान आणि सहभाग यांत अंतर आहे. दात्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. सहभागात दोघे एकाच पातळीवर बसतात, एकमेकांचे ऐकतात आणि प्रसंगी आपल्या मताविरुद्धचा निर्णयही मानतात. चिंचणीच्या अधिकाऱ्याने तर दिली, भागोजीशेठांनी मंदिर दिले, ही दाने थोरच होत. चवदार तळ्याच्या काठी मात्र पाणी कोणी कोणास दिले नाही. ते सर्वांचेच होते, आणि आपले ते घेण्यासाठी माणसे पुढे आली.

संख्येने लहान असलेल्या समाजाला मतांच्या बळावर सत्ता मिळत नाही. विश्वासाच्या बळावर स्थान मात्र मिळते. हा विश्वास देणगीच्या पावतीने मिळत नाही. प्रभागातील गटाराच्या, कचऱ्याच्या, पाण्याच्या प्रश्नावर शेजारच्या मोहल्ल्यातील आणि वाडीतील माणसाबरोबर उभे राहिल्यानेच तो मिळतो. समाजातील तरुण-तरुणींनी पुढील पन्नास वर्षांत न्यासाची धुरा सांभाळावीच. त्याबरोबरच नगराच्या कारभारातही आपली खुर्ची रिकामी राहू देऊ नये. रत्नागिरी ज्यांची कर्मभूमी झाली, त्यांनी तिचे नागरिक व्हावे, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षाची खरी फलश्रुती ठरेल.