नळी, शिक्का आणि पारख

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. इथले गिऱ्हाईक भांडे टिचकी मारून पाहते आणि आवाज बद्द आला की बाजूला ठेवते. दुनळी बंदुकीची पारखही जुने जाणकार अशीच करत. नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, टांगत्या धरायच्या आणि टिचकी मारायची. नाद घंटेसारखा घुमला तर दोन नळ्यांमधला जोड शाबूत. बद्द आला तर कुठेतरी डाख सुटलेला. फरक इतकाच, की फसलेले भांडे गळते आणि फसलेली बंदूक धरणाऱ्याची बोटे नेते. म्हणून बंदुकीच्या पारखीचा इतिहास हा जोखीम कोणी घ्यायची याचाही इतिहास आहे.

गोसीखुर्द म्हटले की आज १९८८ साली पायाभरणी झालेले वैनगंगेवरचे धरण आठवते. त्याआधी पवनीच्या या पट्ट्याची ओळख होती धानाच्या बांध्या आणि त्यांना भिडलेले जंगल. पीक हाताशी आले की रानडुकरे उतरत. मालगुजारीच्या काळात बंदूक इथे दोन कारणांनी लागे : शिकारीसाठी आणि राखणीसाठी. सर्वसाधारणपणे पहिलीसाठी विलायती काडतुसाची बंदूक, दुसरीसाठी ठासणीची भरमार.

विलायती बंदुकीची पारख बरीचशी गिऱ्हाइकाच्या आधीच झालेली असे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीघर १८१३ मध्ये कायद्याने उभे राहिले. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार भरून नळी उडवून पाहत आणि टिकली तरच तिच्यावर मुकुटाचा शिक्का ठोकत. कारागिराचा शब्द आणि गिऱ्हाइकाचा जीव यांच्यामध्ये एक तिसरा, त्रयस्थ साक्षीदार उभा राहिला.

पण शिक्का वाचता यावा लागतो. तोंडाशी आवळलेली नळी छर्ऱ्यांसाठी चांगली, पण तिच्यातून अखंड गोळी मारली तर नळीलाच धोका. म्हणून १८७५ ते १८८७ या काळात अशा इंग्रजी नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असे कोरत. डुकरासाठी गोळी भरणाऱ्या आणि इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला त्या तीन शब्दांचा काय उपयोग? काळ्या दारूवर तपासलेल्या जुन्या नळीत नवे बिनधुराचे काडतूस घालणे हाही तसाच धोका, आणि त्याचीही खूण शिक्क्यातच दडलेली. शिवाय नावाची फसवणूक होती. बेल्जियममधल्या लिएज शहरातून नामांकित इंग्रजी कारखान्यांशी मिळतीजुळती नावे कोरलेला स्वस्त माल जगभर जाई. नाव इंग्रजी वाटे. पण नळीखालच्या लंबगोलातली ‘ई एल जी’ ही अक्षरे तपासणी लिएजला झाल्याचे सांगत. नाव कोणीही कोरील; शिक्का पाहावा.

तरीही शिक्का सगळे सांगत नाही. याचे बोलके उदाहरण अमेरिकेतल्या लिव्हर रायफलचे आहे. तिच्या घोड्याभोवतीची कमान हाताने खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुन्हा वर घेतली की नवे नळीत बसते. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टरची १८९४ची रायफल हरणाच्या शिकारीसाठी तिकडे घराघरांत गेली. आपल्याकडच्या शिकारी साहेबांचा ओढा मात्र दुनळी रायफल आणि माउझर पद्धतीच्या बोल्ट रायफलकडे अधिक होता. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी विंचेस्टरने घडणीची पद्धत बदलली. घडवून कातलेल्या काही भागांच्या जागी पत्र्यातून ठोकून काढलेले भाग आले, भरीव पिनांच्या जागी पोकळ. नाव तेच, कसोटीतही पास. पण कमान ओढताच हाताला फरक कळे. तिकडचा गिऱ्हाईक आजही विचारतो, ‘चौसष्टच्या आधीची की नंतरची?’

अशी रायफल पारखताना तो काय पाहतो? कमान मिटल्यावर ती हलते का. लाकूड लोखंडाला फटीविना बसले आहे का. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का, म्हणजे आत अडाण्याचा हात फिरलेला. आणि रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरली की आतली प्रकाशाची वलये अखंड दिसतात की एखाद्या ठिकाणी मोडतात. मोडली तर तिथे नळी फुगलेली किंवा दबलेली. ही पारख डोळ्याची आणि बोटांची. ती पितळ वाजवून घेणाऱ्याला परकी नाही.

मग भरमारीचे काय? आपल्याकडे कारागिरी नव्हती असे नाही. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यातल्या बंदुका युरोपीय मालाच्या तोडीच्या असून दहा रुपयांत पडत, असे युरोपीय लेखकच नोंदवतात. पण १८७८च्या शस्त्र कायद्याने बंदूक बनवणे, विकणे आणि बाळगणे परवान्याखाली आणले. सरकारला चिंता होती ती बंदूक कोणाच्या हाती आहे याची. ती धरणाऱ्याच्या हातात फुटेल का, याची नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९च्या कायद्यातही पिकाच्या राखणीसाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा, असे कलम १३ मध्ये आहे. त्याच कायद्याने खूण नसलेली बंदूक विकायला मनाई केली. पण खूण म्हणजे ओळख. ती कसोटी नव्हे. क्रमांक बंदूक कोणाची हे सांगतो, नळी टिकेल का हे सांगत नाही. गावठी नळीची खरी कसोटी पहिल्या बारालाच होई आणि तेव्हा गाल दस्त्याला शेतकऱ्याचा असे.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा काळ संपवला. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले. विलायती बंदूक कपाटातली वस्तू झाली आणि तिच्या शिक्क्यांवर आता संग्राहक बोलतात. डुकरे मात्र अजूनही धानात उतरतात. शिकार ज्याची हौस होती, त्याच्या नळीची परीक्षा सातासमुद्रापलीकडे आधीच झालेली असे. राखण ज्याची गरज होती, त्याने ती स्वतःच्या जिवावर केली. भरमारीच्या कोऱ्या नळीवर मला हाच इतिहास वाचता येतो.