गुरूच्या हातातील खोडरबर

सुपरहीरोंच्या चित्रकथांचा विचार आपल्याकडे बहुधा बालवाङ्मयाच्या किंवा करमणुकीच्या सदरात सुरू होतो आणि तेथेच संपतो. तथापि एखादी कथा साठ वर्षांहून अधिक काळ, त्याच पात्रांना घेऊन, अनेक लेखकांच्या हातून लिहिली जाते, तेव्हा वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाची एक मोठी सोय होते. एकाच पात्राकडे निरनिराळ्या पिढ्यांनी कसे पाहिले, हे त्या कथेच्या आतच वाचता येते. अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्सच्या ‘एक्स-मेन’ या मालिकेतील प्रोफेसर चार्ल्स झेव्हियर हे असे पात्र आहे. तो गुरू आहे, शाळेचा संस्थापक आहे आणि दुसऱ्याच्या मनात शिरण्याची शक्ती त्याच्यापाशी आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे जो नैतिक पेच निर्माण झाला, तो आरंभापासून कथेत होता, की पुढील लेखकांनी तो बाहेरून आणला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

‘एक्स-मेन’चा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे जॅक कर्बी यांची. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्यात झेव्हियरची खासगी निवासी शाळा आहे. जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेल्या, ‘म्यूटंट’ म्हणवल्या जाणाऱ्या पाच तरुण मुलामुलींना तो तेथे आसरा देतो, शिकवतो आणि लढायलाही पाठवतो. विद्यार्थ्यांना आज्ञा देण्यासाठी त्याला तोंड उघडावे लागत नाही. त्याचा विचार थेट त्यांच्या मनात उमटतो. दुसऱ्या अंकात तो व्हॅनिशर नावाच्या खलनायकाची स्मृती पुसतो आणि लढाई संपते. एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेशी त्याचे गुप्त संधान आहे, हेही तेथेच कळते. जानेवारी १९६४ च्या तिसऱ्या अंकातील ब्लॉब तर आरंभी खलनायकही नाही. फिरत्या जत्रेत खेळ करणारा हा मनुष्य शाळेत यायला नकार देतो, आणि शाळेचे गुपित त्याला कळलेले असल्यामुळे त्याच्या मनातून ते पुसून टाकायचे ठरते. ब्लॉब शत्रू होतो तो त्यानंतर. याच अंकातील एका चौकटीत झेव्हियर आपल्या विद्यार्थिनीवर, जीन ग्रेवर, आपले प्रेम असल्याचे स्वतःशीच कबूल करतो. ती चौकट येते आणि जाते. पुढच्या अंकांत त्या धाग्याचे काही होत नाही.

यांपैकी कशाचाही कथेत दोष म्हणून उल्लेख नाही. त्याचे एक कारण रचनेत आहे. गुप्त शाळेची कथा चालवायची, तर प्रत्येक शत्रूला शाळेचा पत्ता कळूनही पुढच्या महिन्यात ती गुप्तच राहिली पाहिजे. स्मृती पुसणे हा त्यावरचा सोपा उपाय होता. दुसरे कारण असे की, महायुद्धानंतरच्या त्या काळात सेनापतीसारखा वागणारा, सर्व काही आधीच जाणणारा आणि मोजकेच सांगणारा मुख्याध्यापक हा सहज आदराचा विषय होता. झेव्हियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, असे समीकरण आज सर्रास मांडले जाते. पहिल्या अंकांत त्याला फारसा आधार सापडत नाही. त्या अंकांतला झेव्हियर चळवळीचा नेता नाही. तो सुसज्ज प्रयोगशाळेतला शिस्तप्रिय संचालक आहे.

मार्च १९६८ मध्ये, बेचाळिसाव्या अंकात, झेव्हियरचा मृत्यू होतो. जवळजवळ दोन वर्षांनी, पासष्टाव्या अंकात, कळते की मेला तो चेंजलिंग नावाचा तोतया. झेव्हियर एका परग्रहावरील आक्रमणाला तोंड देण्याच्या तयारीसाठी लपून बसला होता. जीनला हे ठाऊक होते, इतर शिष्यांनी मात्र गुरूचा शोक खराच केला. तो परत येताच आनंदीआनंद होतो. आमच्या मते या मालिकेचा पुढचा सारा इतिहास या आनंदाच्या उशिरा आलेल्या हिशेबाचा इतिहास आहे.

हा हिशेब १९७५ नंतर क्रिस क्लेअरमाँट यांच्या दीर्घ लेखनकाळात हळूहळू सुरू झाला. १९८३ मधील १६८ व्या अंकाच्या आरंभी किटी प्राइड ही कोवळ्या वयाची विद्यार्थिनी गुरूविरुद्ध उघड चिडते. आपल्या भल्याच्या नावाखाली आपल्याला न विचारता आपली रवानगी लहानांच्या तुकडीत झाली, हा तिचा राग आहे. प्रसंग हलकाफुलका आहे आणि शेवटी गुरू आपला निर्णय बदलतो. परंतु शिष्येचे म्हणणे ऐकून गुरूने माघार घ्यावी, हे वीस वर्षांपूर्वीच्या शाळेत कल्पनेतही बसले नसते. १९८५ मध्ये, दोनशेव्या अंकात, झेव्हियरच्या गैरहजेरीत शाळेची जबाबदारी मॅग्नेटोकडे जाते. ज्याला शत्रू मानले त्याच्याही हाती मुले सोपवता येतात, म्हटल्यावर गुरूचे अद्वितीयत्व संपते.

१९९३ मध्ये झेव्हियरने रागाच्या भरात मॅग्नेटोचे मनच पुसून टाकले. त्या कृत्यातून झेव्हियरच्या दडपलेल्या विकारांसह ‘ऑनस्लॉट’ नावाची संहारक शक्ती जन्मली आणि १९९६ च्या कथेत ती साऱ्या जगावर उठली. १९६४ मधली जीनविषयीची ती विसरलेली चौकट याच सुमारास पुन्हा उकरून काढण्यात आली. एड ब्रुबेकर यांनी लिहिलेल्या ‘डेडली जेनेसिस’ या सहा अंकांच्या कथेने (२००५-०६) त्याही पुढचे पाऊल टाकले. १९७५ च्या मूळ कथेत क्राकोआ या जिवंत बेटावर पकडल्या गेलेल्या शिष्यांना सोडवायला झेव्हियर नवी तुकडी पाठवतो. ब्रुबेकर सांगतात की, तिच्याआधी आणखी एक तुकडी पाठवली गेली होती. ती अननुभवी मुले तेथे मारली गेली, असे सर्वांनी धरले. तीत सायक्लॉप्स या ज्येष्ठ शिष्याचा सख्खा भाऊ होता. झेव्हियरने ती आठवणच सायक्लॉप्सच्या मनातून काढून टाकली. सत्य बाहेर येताच सायक्लॉप्स गुरूला त्याच्याच शाळेतून जायला सांगतो.

येथे लेखनतंत्र आणि आशय एकमेकांत कसे मिसळले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. छापून झालेल्या कथेच्या भूतकाळात मागाहून बदल करणे, ही या मालिकांची जुनी रीत; इंग्रजी वाचक तिला ‘रेटकॉन’ म्हणतात. लेखक पात्राचा भूतकाळ बदलतो आणि पात्राला त्याचा पत्ता नसतो. झेव्हियर शिष्यांच्या बाबतीत नेमके हेच करतो. १९७५ च्या कथेत पहिल्या तुकडीचा उल्लेख का नाही, या प्रश्नाला ब्रुबेकरांच्या कथेत मिळणारे उत्तर असे, की गुरूने तो पुसला. म्हणून आमचे म्हणणे असे की, या लेखकांनी झेव्हियरवर परका दोष लादलेला नाही. १९६३ मध्ये सोय म्हणून त्याच्या हाती दिलेले खोडरबर त्यांनी पुरावा म्हणून पुढे ठेवले.

आपल्याकडे गुरूच्या अन्यायाचा विषय निघाला की एकलव्याचा अंगठा आठवतो. ती तुलना उपयोगी आहे, कारण तिच्यातून फरक कळतो. द्रोणाची मागणी क्रूर आहे, पण ती उघड आहे. आपण काय गमावले, कोणी मागितले, हे एकलव्याला ठाऊक असते. म्हणूनच ती कथा सांगता येते आणि द्रोणाला जाब विचारता येतो. सायक्लॉप्सचे जे नेले, त्याबरोबर ते नेल्याची जाणीवही नेली. तक्रारीची शक्यताच काढून घेणारी ही सत्ता अधिक भयंकर आहे, आणि ती वत्सल चेहऱ्याने वावरते.

मग झेव्हियर हा केवळ दांभिक ठरतो काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि अलीकडच्या काही कथा त्या सोपेपणाला बळी पडल्या आहेत. गुरूचा नवा गुन्हा शोधणे हीच त्यांची युक्ती होऊन बसते. त्यांच्या तुलनेत क्लेअरमाँट आणि ब्रेंट अँडरसन यांची १९८२ ची ‘गॉड लव्हज, मॅन किल्स’ ही कथा आम्हांला अधिक प्रगल्भ वाटते. तीत म्यूटंटद्वेषाच्या अनुभवाने खचलेला झेव्हियर अखेरीस मॅग्नेटोच्या मार्गाकडे वळू लागतो, आणि त्याला सावरतो तो सायक्लॉप्स. गुरूने शिकवलेले तत्त्व शिष्य गुरूलाच परत ऐकवतो. पुढे गुरूला शाळेबाहेर काढणाराही हाच शिष्य असावा, यात विसंगती नाही. ज्या कसोटीवर झेव्हियर उणा ठरतो, ती कसोटी त्याच्याच शाळेने घडवली आहे.

जेम्स मॅनगोल्ड यांच्या ‘लोगन’ (२०१७) या चित्रपटाचे विश्व निराळे असले, तरी तेथे हे चक्र उलटे फिरते. वृद्ध झेव्हियरचा मेंदू जर्जर झाला आहे. त्याला येणाऱ्या झटक्यांनी आसपासच्या माणसांचा जीव धोक्यात येतो, म्हणून लोगन त्याला औषधे देऊन लपवून ठेवतो. अशाच एका झटक्याने वेस्टचेस्टरमध्ये त्याचीच माणसे मरण पावली, हे मात्र लोगन त्याला सांगत नाही. आता आठवण दडवणारा शिष्य आहे आणि कारण तेच आहे, दुसऱ्याचे भले. मृत्यूपूर्वी झेव्हियरला ते आठवते. ते आठवणे यातनामय असले, तरी आपल्या कृत्याविषयी तो स्वतः बोलू शकतो, तो त्यानंतरच.

आपणां अध्यापकांपाशी कोणाचे मन पुसण्याची शक्ती नाही. परंतु विद्यार्थ्याला कोणते पुस्तक झेपणार नाही, कोणता वाद त्याच्या कानी पडू नये, शिफारस नाकारल्याचे कारण त्याला कळावे की नाही, हे आपण त्याच्या भल्यासाठी त्याला न विचारता ठरवत असतोच. त्यांतले काही निर्णय योग्यही असतील. ते योग्य होते की नाही, हे पुढे कधीतरी त्याला तपासता यावे, यासाठी ते घेतले गेले एवढे तरी त्याला कळलेले असले पाहिजे.