पेठेचा कौल

थोरल्या बाजीरावांनी पुणे हे आपले ठाणे केले आणि १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा कसब्याभोवतीची वस्ती वाढविणे हे दौलतीचे काम असले, तरी ते दौलतीने एकटीने केले नाही. एखाद्या वजनदार इसमास नव्या पेठेच्या शेटेपणाची सनद द्यावी, त्याने परगावचे उदमी, कोष्टी, तेली, तांबोळी यांची समजूत घालून त्यांना आणावे, आणि सरकारने या सर्वांस कौल द्यावा की, ठरावीक वर्षे मोहतर्फ्याचा, म्हणजे धंद्यांवरील कराचा, उपद्रव लागणार नाही, पुढे वसूल होईल तोही क्रमाक्रमाने चढता होईल, अशी ही व्यवस्था होती. शेट्यास तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पाने असे हक्क मिळत, मानाचा शिरपाव मिळे; आणि हे वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे पेठ नांदती राहण्यात त्याच्या नातवंडांचेही हित गुंतलेले असे. १७३४ च्या सुमारास जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसविलेली विसापूर पेठ आज शुक्रवार पेठ म्हणून प्रसिद्ध आहे, तर शतकाच्या अखेरीस नाना फडणविसांनी वसविलेल्या हनुमान पेठेस त्यांचेच नाव लाभले. मध्यंतरी १७६३ साली निजामाच्या फौजेने शहर जाळले, तरी व्यापारी परतले.

या व्यवहारात सरकारने रोकड फारशी घातलीच नाही. स्वाऱ्यांच्या कर्जाने खजिना वाकलेला असताना, हाती येऊ शकणारा पैसा वर्षानुवर्षे न मागण्याचा संयम हेच त्याचे भांडवल होते, आणि माझ्या मते पुण्याच्या भरभराटीत त्याचा वाटा वाड्यांच्या वैभवाहून मोठा आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत हाच संयम सुटला. अनुभवी व सचोटीच्या माणसास सोपविण्याची मामलत, म्हणजे महालाचा वसूल व कारभार, पेशव्यांच्या हुजऱ्यांत लिलावास निघू लागली, हे एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नमूद केले आहे. आणि कोणी चढी बोली बोलताच हातचा महाल जाणार हे ठाऊक असलेल्या इजारदाराने, ज्याचे फळ दहा वर्षांनी दुसऱ्याच्याच पदरी पडायचे, तो कौल पाळावा तरी कशासाठी?