उच्च रक्तदाब: देशातलं प्रमाण कसं मोजतात?

समजा, गावातल्या शिबिरात दहापैकी चार जणांचं बीपी जास्त निघालं. म्हणून देशातही तेवढंच प्रमाण, असं होत नाही. शिबिराला येतात ते बहुतेक वयस्कर किंवा आजारी. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतली बरीच तरुण मंडळी तर कामाला मुंबईत.

म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरं चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम पाहते. घरातल्या १५ वर्षं व त्यावरील माणसांचा रक्तदाब तीन वेळा मोजतात, कारण मशीन बघूनच पहिला आकडा चढू शकतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी गाठला तरी रक्तदाब जास्त. गोळी चालू असेल तर आकडा नॉर्मल आला तरी तो माणूस मोजणीत धरतात.

२०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या २१.३ टक्के महिला आणि २४ टक्के पुरुष यात आले. म्हणजे साधारण चार-पाच जणांत एक.

गोळीचा नियम ध्यानात ठेवा. आकडा उतरला तो गोळीमुळे. डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका. तिशीनंतर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून घ्या.