आधी नाव झाकण्याचा हक्क

मुंबईत आज एखादा समलिंगी पुरुष आपल्याला एचआयव्ही आहे हे चारचौघांत सांगतो, तेव्हा त्याच्या धैर्याचे कौतुक होते. ते योग्यच आहे. पण धैर्य १९९० सालच्या माणसांकडेही होते; सांगितल्यावर नोकरी, घर आणि उपचार टिकतील याची शाश्वती मात्र नव्हती. ती शाश्वती या शहरात उलट्या वाटेने आली. नाव सांगण्याआधी नाव झाकण्याचा हक्क मिळवावा लागला.

सक्तीने उघडे पाडण्याचे परिणाम मुंबईने पूर्वीच पाहिले होते. १८९६ च्या प्लेगात रोग्यांना घरांतून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेले जाऊ लागले, तेव्हा ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावरच हल्ला केला. लोक रोगी लपवू लागले. तरीही १९८९ मध्ये गोव्यात रक्तदानानंतर एचआयव्ही आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा यांना ६४ दिवस जुन्या क्षयरोग रुग्णालयात कोंडून ठेवले गेले, आणि त्यांच्या आईने दाद मागितली असता मुंबई उच्च न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद उचलून धरली. १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने वेगळी वाट धरली. एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका हंगामी कामगाराला ‘एमएक्स’ या नावाने दावा चालवू दिला आणि काम करण्यास सक्षम व इतरांना धोका नसलेल्या माणसाला निव्वळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. नाव गुप्त राहिले, म्हणून भांडण उघड्यावर आले.

समलिंगी पुरुषाला या आडोशाची गरज दुहेरी होती. ‘हा रोग आला कुठून?’ या प्रश्नाला खरे उत्तर देणे म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खालच्या गुन्ह्याची कबुली ठरू शकत होती. म्हणूनच समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था सुरू केली, तेव्हा आपल्यासारख्यांशी बोलता येईल अशी जागा निर्माण होणे हेच मोठे काम होते.

यावर आक्षेप असा की, सगळेच गप्प राहिले तर कलंक पुसणार कसा? आक्षेपात तथ्य आहे. कोणीतरी समोर यावेच लागते. पण लालबाग-परळच्या चाळीतल्या एका खोलीत गोळ्यांची बाटलीसुद्धा लपत नाही, आणि बोलण्याची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते. ती कोणी मोजायची, हे दुसऱ्याने ठरवू नये. दुसरा आक्षेप औषधांचा. २००१ मध्ये मुंबईच्याच ‘सिप्ला’ने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला, २००४ पासून सरकारी केंद्रांत तो मोफत मिळू लागला, आणि नियमित औषधांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला की लैंगिक संबंधांतून तो पसरत नाही, हेही सिद्ध झाले. मग लपवायचे कशाला? औषध विषाणूला आवरते. घरमालकाला आणि मालकाला आवरायला कायदाच लागतो. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला, समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचे ठरवणाऱ्या कलम ३७७ वरच्या निकालानंतर चारच दिवसांनी. संमतीशिवाय कोणाची लागण उघड करू नये हे तत्त्व आणि न्यायालयात टोपणनावाची सोय, दोन्ही त्यात आहेत. म्हणून किती जण उघडपणे बोलतात एवढ्यावरून या शहराची प्रगती मोजता येणार नाही. जो बोलत नाही, त्याचे गुपित फुटले तरी त्याची नोकरी आणि खोली शाबूत राहते का, हे पाहावे लागेल.