धूर बघून आजार ओळखणारे: कात्रज, जुने ट्रक आणि डिझेल मिस्त्रींचा इतिहास

ताज्या भागाचा हा लेखी मजकूर, ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी. विषय जरा तेलकट आहे. जुना ट्रक सुरूच होत नसेल, किंवा सुरू होऊन स्लोवर थरथरत बंद पडत असेल, तर कारण कसं शोधतात? आणि ही विद्या आपल्याकडे आली कुठून?

मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. राहायला कात्रजला, त्यामुळे येता-जाता ट्रकची गॅरेजं दिसतात. एकदा थांबून ऐकलं. ड्रायव्हर सांगत होता, "मिस्त्री, सेल्फ मारतोय, पण गाडी उचलत नाय." मिस्त्रींनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. फक्त विचारलं, "धूर येतोय का? कसला?"

हा प्रश्न समजायला थोडं मागे जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला १८९७ मध्ये यशस्वी झालं. कल्पना सरळ होती. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, आणि तीत तेल फवारलं की आपोआप पेट घ्यावा. ठिणगीची गरज नाही. पण ते तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. असलं धूड ट्रकमध्ये कुठे बसवणार? १९२७ मध्ये बॉशने डिझेल पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि डिझेल ट्रकचा मार्ग मोकळा झाला.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास रस्त्यावर मुख्यतः पेट्रोलचे ट्रक होते. मग १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी स्थापन झाली आणि तिने बंगळूरला पंप-नोझल बनवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. १९६६ मध्ये टेल्को पुण्यात आली. १९६९ ला करार संपला, ट्रकवरचा तारा जाऊन 'टी' आला, पण इंजिनाचा वंश तोच राहिला. पुढच्या इंजिनांची नावं बघा: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर.

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. आमच्या धंद्यात दर दोन वर्षांनी सगळं बदलतं. इथे मूळ रचना कित्येक दशकं तशीच राहिली. बापाने शिकलेलं पोराला उपयोगी पडलं. पुस्तक न लिहिता ज्ञान साठत गेलं.

आता परत धुराकडे. सेल्फ मारताना धूरच नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. टाकी, फिल्टर, बंद करायचा लिव्हर अडकलाय का, ते बघा. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: इंजिन गार आहे, दाब कमी आहे, किंवा पंपाचं टायमिंग मागे पडलंय. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर क्लीनर उघडा. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पण या सगळ्याच्या आधी सेल्फचा आवाज ऐकायचा. इंजिन जोरात फिरलंच नाही तर हवा पुरेशी तापणार नाही. म्हणजे दोष बॅटरीचा किंवा ढिल्या टर्मिनलचा असतो आणि बिचारा पंप उगाच खोलला जातो.

गाडी सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडते? बहुतेक वेळा पंपाने हवा धरलेली असते. गंमत म्हणजे टाकी ते फीड पंप या पाइपात ओढ असते, त्यामुळे तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं. मग फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत.

स्लोवर थरथरत असेल तर मिस्त्री एकेका नोझलचा पाइप ढिला करतात. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. फरकच पडला नाही तर आजारी तोच. मग ते नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये घालायचं. आजार नोझलबरोबर गेला तर दोष नोझलचा, जागेवर राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचा. आम्ही बग असाच शोधतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून! आणि रेस आपोआप वर-खाली होत असेल तर गव्हर्नर तपासतात. काही जुन्या पंपांत त्यात पडदा असायचा, तो फाटला की इंजिन झोके घ्यायचं.

एक इशारा: पाइप ढिला करायची ही युक्ती जुन्या पंपांपुरतीच. त्यात नोझल साधारण २०० बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्याही वर जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. आणि जुन्या गाडीवरही धारेसमोर हात नको.

हे सगळं कात्रजला जास्त का महत्त्वाचं? साताऱ्याकडून नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवायला असं करतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि गाडी न्यूट्रल असेल तर इंजिनाची ओढही गेली.

आणि वाचतं किती? गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि गव्हर्नर डिझेल जवळपास पूर्ण तोडतो. जुन्या यांत्रिक पंपातसुद्धा ही सोय होती. म्हणजे ज्या थेंबासाठी जीव धोक्यात घालतात, तो गिअरमध्ये तसाही वाचतो. ज्या ट्रकचं स्लो बिघडलंय तो न्यूट्रलमध्ये चालकाने बंद न करताही बंद पडू शकतो. म्हणून स्लो सेट करून घेणं हे फक्त आवाजाचं काम नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. नव्या ट्रकमध्ये डिझेल किती आणि कधी, हे कॉम्प्युटर ठरवतो. धूर स्वच्छ झाला, शहराच्या फुप्फुसांसाठी ते हवंच होतं. पण धूर दिसत नाही तर मिस्त्री वाचणार काय? आता स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर घ्यायला पैसे लागतात. त्या मिस्त्रींना मी हे विचारलं. ते म्हणाले, "स्कॅनर सेन्सरचं नाव सांगतो हो. वायर कुठे घासली ते शोधायला माणूसच लागतो." मला हे पटलं, आमचे एरर मेसेजही तसेच असतात. पण त्यांचा मुलगा या धंद्यात आलेला नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

तर मंडळी, एक विनंती. तुमच्या घरात, वाडीत, ओळखीत कुणी जुना ड्रायव्हर किंवा डिझेल मिस्त्री असेल, तर फोन काढा आणि त्यांचं दहा मिनिटं रेकॉर्डिंग करा. पहिला प्रश्न मी देतो: "धूर पांढरा येत असेल तर तुम्ही आधी काय बघता?" आम्हाला पाठवा, त्यांची परवानगी घेऊन पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या भागात!